विकतची भाकर आणि आपला संकोच

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, हदगाव तालुक्यातल्या तामशाच्या बारालिंग मंदिरात भाजी-भाकरीची पंगत बसते. सगळ्या भाज्या एकत्र शिजतात आणि भाकरी येतात त्या आसपासच्या गावांतल्या घराघरांतून. कुणाच्या चुलीवरची भाकर कुणाच्या ताटात पडली, हे कुणी विचारत नाही. अशा तालुक्यात भाकर वाढायची असते, विकायची नसते, हा संस्कार खोल मुरलेला आहे. म्हणूनच हदगावात घरी भाकरी करून विकणारी बाई आजही दबक्या आवाजात भाव सांगते. घेणाराही संकोचतो, पण घासाघीस मात्र करतो. तिचा संकोच आणि आपली घासाघीस, दोन्ही आता थांबायला हवं.

गिऱ्हाईक तर वाढतंच आहे. खोली घेऊन राहणारी पोरं, बदलीवर आलेले मास्तर, बँकेतले कर्मचारी, मुलं पुण्याला गेल्यामुळे घरात दोघंच उरलेली म्हातारी माणसं. बेकरीचा पाव गाडीनं येतो, दोन दिवस दुकानात टिकतो. भाकरीला ते जमत नाही, आणि घरच्या विक्रीचं बळ नेमकं त्यातच आहे.

ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. आधणाच्या पाण्यानं पीठ बांधून घ्यावं लागतं आणि हातानं मळूनच त्याला एकजीव करावं लागतं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. थापताना कडा चिरतात, उचलताना भाकर मोडते. त्यामुळे जाणती बाई महिन्याचं दळण एकदम आणत नाही.

मी ज्या काकूंकडून भाकरी घेते त्यांच्याकडे बसून पाहावं. परातीत कोरडं पीठ भुरभुरवून गोळा ठेवतात, उजव्या हातानं थापतात, डाव्या हातानं कड सावरतात, आणि भाकर थापेसरशी गोल फिरत मोठी होते. तव्यावर टाकली की वरच्या पिठावर पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकायच्या आत उलटली नाही तर पापुद्रा तडकतो. मग चुलीच्या आरावर ती टम्म फुगते. खरी परीक्षा त्यानंतर आहे. गरम भाकरी एकावर एक रचल्या तर घाम सुटून खालच्या भिजतात. म्हणून काकू त्या टोपल्याच्या कडेला उभ्या टेकवून निववतात आणि मगच धुतलेल्या फडक्यात बांधतात. ही वाट पाहणं कुठल्याच हिशेबात धरलं जात नाही.

संध्याकाळपर्यंत तीच भाकर चिवट होते. सोलापूरकरांनी यावर तोड काढली. पातळ भाकर वाळवून कडक करायची, म्हणजे ती महिनोन्‌महिने टिकते. सोलापूरची कडक भाकरी आज पाकिटातून पुण्या-मुंबईच्या दुकानांत जाते. तिचं मला कौतुकच आहे. पण मऊ भाकरीचा बाजार चालत जाण्याच्या अंतरावरच भरणार, आणि तिथं कुठला मोठा कारखाना काकूंशी स्पर्धा करू शकत नाही.

आता भावाचं बोलू. २०२५-२६ च्या हंगामासाठी ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला संकरित वाणासाठी ३,६९९ आणि मालदांडीसाठी ३,७४९ रुपये ठरली. म्हणजे किलोला सदतीस रुपये धरा. किलोभर पिठात आठ-दहा भाकरी होतात. या भावानं धरलं तरी एका भाकरीत नुसत्या धान्याचेच चार रुपये जातात. चांगली ज्वारी दुकानात त्याहून महागच मिळते. वर दळण, जळण, मीठ, आणि धुरात घातलेली सकाळ. ‘एवढीशी भाकर आणि एवढे पैसे?’ असं विचारणाऱ्यानं हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. भाकर स्वस्तच असली पाहिजे, ही समजूत १९९५ साली आलेल्या एक रुपयातल्या झुणका-भाकर केंद्रांनी आणखी घट्ट केली, असं मला वाटतं. त्या रुपयामागं सरकार उभं होतं. काकूंच्या मागं कोणी नाही.

कराच्या बाबतीतही असाच दुजाभाव होता. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा ब्रेडवर कर शून्य आणि पोळी-रोटीवर बारा टक्के! त्याच वर्षी तो पाचवर आला. घरगुती विक्रेतीची उलाढाल जीएसटीच्या नोंदणीपर्यंत पोचतच नाही, हे खरं. तरी आपल्या रोजच्या अन्नाकडे पाहण्याची नजर त्यातून दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून पोळी-रोटीवरचाही कर शून्य झाला, हे बरंच झालं.

हे काम धंदा म्हणून उभं राहू शकतं, हे मुंबईत पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध झालं. गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बाया सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बँकेनं त्या बायांच्या पोळी-भाजीला व्यवसाय मानलं, तिथून गोष्ट बदलली. आपल्याकडे बचत गटांचं जाळं आहे. पण गटाचं कर्ज पापड-लोणच्यापाशीच अडतं. भाकरीसाठी मागायला बाई कचरते. तिनं कचरू नये. अन्नसुरक्षा कायद्याखाली छोट्या विक्रेत्याची नोंदणी ऑनलाइन होते. २०११ च्या नियमांत तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवलेलं होतं. तो कागद हाती असला की वसतिगृह, कार्यालय, लग्नघर यांच्याशी बरोबरीनं बोलता येतं.

यात शेतकऱ्याचाही फायदा आहे. आपल्या रानातून ज्वारी मागे सरली आणि सोयाबीन पुढं आलं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी २०१८ मध्ये आणली. पण गावातच खाणारा नसेल तर ती पेरणार कोण?

तेव्हा हदगावकरांना एवढंच सांगणं आहे. भाकरी आदल्या रात्री सांगून ठेवा, म्हणजे पीठ वाया जात नाही. डबा आणि फडकं आपलं न्या. भाव तिनं सांगावा, आपण तो द्यावा, आणि त्याच दिवशी द्यावा; महिनाअखेरीची उधारी ठेवू नका, तिला गिरणीवाल्याला रोख द्यावे लागतात.