नाव तेच, फोन निराळा

ऑक्टोबर २०२१ मध्ये शाओमीने चीनच्या बाजारात ‘रेडमी नोट ११ प्रो प्लस’ हा फोन आणला. १२० वॉटचे चार्जिंग हे त्याचे मुख्य आकर्षण होते. जानेवारी २०२२ मध्ये तोच फोन भारतात आला, पण ‘शाओमी ११आय हायपरचार्ज’ या नावाने. दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, ‘रेडमी नोट ११ प्रो प्लस’ हे नावही भारतात आले. त्या नावाखाली जो फोन मिळत होता तो मात्र दुसराच होता. त्याचा प्रोसेसर वेगळा होता आणि चार्जिंग ६७ वॉटचे होते. इतर देशांत याच दुसऱ्या फोनवर ‘रेडमी नोट ११ प्रो ५जी’ असे लिहिलेले होते; त्यात ‘प्लस’ नव्हता.

हा तपशील एकदा वाचून कळत नाही. आम्हालाही तो कागदावर मांडून घ्यावा लागला. मग दुकानाच्या काउंटरपाशी उभे राहून, मागे चार गिऱ्हाइके ताटकळत असताना, हप्त्यावर फोन घेणाऱ्या माणसाने तो कसा समजून घ्यावा?

यात कायद्याचा भंग झाला, असा आमचा आरोप नाही. प्रत्येक फोनची वैशिष्ट्ये त्या त्या ठिकाणी जाहीर केलेली होती. पण ग्राहक वैशिष्ट्यांची यादी पाठ करून दुकानात जात नाही, तो नाव घेऊन जातो. मित्राने सांगितलेला अनुभव, यूट्यूबवर पाहिलेले परीक्षण, ऑनलाइन तुलना केलेली किंमत, हे सगळे त्याच्या मनात एका नावाला बांधलेले असते. जालन्यातला एखादा विद्यार्थी परदेशी परीक्षकाचा व्हिडिओ बघतो, नाव लिहून घेतो आणि त्याच नावाचा फोन विकत आणतो. व्हिडिओतला फोन आणि त्याच्या हातातला फोन एक नसतील, तर त्याने काळजीपूर्वक केलेला सगळा अभ्यास वाया जातो. नावाची गाठ सुटली की ग्राहकाकडची सारी माहिती निकामी होते. म्हणून हा प्रश्न आम्हाला गंभीर वाटतो.

हा दोष एकाच कंपनीचा नाही. २०२० साली सॅमसंगचा ‘गॅलेक्सी एस२०’ अमेरिकेत स्नॅपड्रॅगन ८६५ या चिपवर विकला गेला, तर भारतात एक्सिनॉस ९९० या चिपवर. पेट्यांवरचे नाव मात्र एकच होते. उलट बाजूने, ‘पोको एक्स२’ हा भारतात नवा म्हणून आलेला फोन चीनमध्ये ‘रेडमी के३०’ होता, आणि ‘एमआय ११एक्स’, ‘पोको एफ३’ व ‘रेडमी के४०’ ही एकाच यंत्राची तीन नावे होती. कुठे एका नावाखाली दोन वस्तू, तर कुठे एका वस्तूला तीन नावे.

आकड्यांनाही आता क्रमाचा अर्थ उरलेला नाही. ॲपलने २०१७ मध्ये आठनंतर थेट दहावर उडी घेतली. नऊ क्रमांकाचा आयफोन कधी आलाच नाही. सॅमसंग दहावरून वीसवर गेली. शाओमीने २०२५ मध्ये पंधरानंतर सोळा वगळून सतरा आणला, आणि तोही आयफोन १७ आला त्याच महिन्यात. वनप्लसने २०१७ मध्ये चार हा आकडा टाळला, कारण चिनी भाषेत चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दाजवळ जातो. तो लोकश्रद्धेचा भाग आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण प्रतिस्पर्ध्याच्या बरोबरीने दिसावे म्हणून आकडा पुढे ढकलला जातो, तेव्हा मोठा आकडा म्हणजे मोठी सुधारणा असे समजणाऱ्या ग्राहकाचा त्या आकड्यावरचा विश्वास खर्ची पडतो. ‘प्रो’, ‘मॅक्स’, ‘अल्ट्रा’, ‘लाइट’ या शब्दांना तर कुठलीच ठरलेली व्याख्या नाही. एका कंपनीचा ‘प्रो’ दुसरीच्या साध्या फोनपेक्षा कमी कुवतीचा असू शकतो.

२००३ साली आलेला नोकिया ११०० अनेकांना आठवत असेल. गावोगावी तो ‘अकराशे’ म्हणून ओळखला जाई. अकराशे म्हटले की दुकानदाराला, दुरुस्ती करणाऱ्याला आणि गिऱ्हाइकाला एकच वस्तू डोळ्यांपुढे दिसे. आज दुरुस्तीच्या दुकानात फोनच्या नावावर विसंबून डिस्प्लेचा ‘कॉम्बो’ मागवला तर तो बसेलच याची खात्री नसते. जाणता कारागीर म्हणून आधी सेटिंगमध्ये जाऊन मॉडेल नंबर बघतो. सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार हेही मॉडेलवरच ठरते, आणि ज्या फोनवरून घरातले सगळे पैशांचे व्यवहार होतात त्याच्या बाबतीत ही बाब किरकोळ नाही.

प्रत्येक देशाची गरज, नेटवर्कचे बँड आणि परवडणारी किंमत वेगळी असते, म्हणून फोनही वेगळे करावे लागतात, हे कंपन्यांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. मग त्यांना नावेही वेगळी द्यावीत.

फोनचे खरे नाव शोधायला दूर जावे लागत नाही. प्रत्येक हँडसेटच्या १५ अंकी आयएमईआय क्रमांकातले पहिले आठ अंक त्याचे मॉडेल सांगतात. सरकारकडे ही नोंद आहे. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग मोकळी जागा सोडून आयएमईआय क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की मॉडेलची माहिती परत येते. फक्त ही ओळख पेटीच्या कडेला, बारकोडखाली, बारीक अक्षरांत असते आणि दर्शनी भागावर जाहिरातीचे नाव असते. औषधांच्या बाबतीत आपल्या देशाने हा क्रम बदलायला लावला आहे. २०१८ च्या नियमानुसार औषधाचे मूळ नाव व्यापारी नावापेक्षा किमान दोन आकारांनी मोठे छापावे लागते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनवर ऊर्जा व दुरुस्तीक्षमतेचे लेबल बंधनकारक आहे आणि त्यावरचा क्यूआर कोड त्या मॉडेलच्या अधिकृत नोंदीपर्यंत नेतो. आपल्याकडेही दुरुस्तीक्षमता निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये केंद्र सरकारला अहवाल दिला आहे. पण ज्या मॉडेलचा निर्देशांक द्यायचा ते मॉडेल कोणते, हेच ग्राहकाला कळणार नसेल तर तो निर्देशांक कशाला चिकटवणार?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत फोनच्या नावांचा विषय आता आणला पाहिजे. एका नावाखाली देशात किंवा परदेशात दुसऱ्या चिपचा फोन विकला जात असेल, तर तसे पेटीच्या दर्शनी भागावर छापायला लावावे. जुनाच फोन नव्या नावाने येत असेल, तर त्याचे पहिले नाव आणि पहिल्या विक्रीचा महिना जाहिरातीत द्यायला लावावा. मॉडेल नंबर आणि सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत असावी.

नियम होईपर्यंत ग्राहकांना आमची विनंती आहे. पैसे देण्याआधी पेटीवरचा मॉडेल नंबर वाचा आणि जे परीक्षण पाहिले ते त्याच नंबरच्या फोनचे होते का, ते तपासा. पावतीवर दुकानदाराकडून नुसते नाव नव्हे, तर मॉडेल नंबर आणि आयएमईआय लिहून घ्या. लिहून द्यायला नकार मिळाला तर तिथून फोन घेऊ नका. आधीच घेतला असेल आणि फसगत झाल्याचे लक्षात आले असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.