तोंडी परीक्षेला सिस्टरही हव्यात

बायोमेडिकल इंजिनिअरिंगची मुलं आमच्या रुग्णालयात इंटर्नशिपला येतात, तेव्हा तीन ऑप-अँपचा इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर त्यांना झोपेतून उठवलं तरी काढता येतो. ईसीजीत ५० हर्ट्झचा विजेचा गोंगाट कसा घुसतो, तो कसा गाळायचा, उजव्या पायाच्या इलेक्ट्रोडचं काम काय, सगळं तोंडपाठ. मग वॉर्डात एखाद्या ईसीजीची रेघ थरथरायला लागते आणि आमचा इंटर्न थेट फिल्टरच्या सेटिंगमध्ये शिरतो. उजव्या पायाच्या क्लॅम्पखालची जेल वाळून खडखडीत झालेली असते, तिकडे त्याचं लक्षच जात नाही. पुस्तकातल्या आकृतीत पाय नसतो ना. 'आरएल' एवढीच दोन अक्षरं असतात.

मुलं हुशार आहेत. माझं भांडण आहे ते त्यांना चार वर्षं कुठे बसवून ठेवतात, याच्याशी.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे रॉबर्ट मॅल्किन यांनी एका सहकाऱ्यासोबत २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मला विचाराल तर तो प्रत्येक अभ्यासक्रम मंडळाच्या टेबलावर ठेवायला हवा. ११ देशांतली, हाताशी फारसा पैसा नसलेली ६० रुग्णालयं. तिथली बंद पडलेली २,५२९ उपकरणं. इंजिनिअर आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी यांनी गावात मिळेल त्या सामानात ती दुरुस्त करायला घेतली. १,८२१ उपकरणं, म्हणजे ७२ टक्के, पुन्हा चालू झाली. परदेशी सुटा भाग एकही लागला नाही. यापुढची आकडेवारी जास्त बोलकी आहे. २५ टक्के दुरुस्त्यांमध्ये करायचं होतं ते इतकंच, की यंत्र नीट बसवायचं किंवा वापरणाऱ्याला नीट समजावून सांगायचं. १९ टक्के प्लंबिंग, म्हणजे नळ्या, गळत्या, तुंबलेले मार्ग. इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल प्रत्येकी १८ टक्के. बंद उपकरणांपैकी ६६ टक्के सुरू करायला १०७ साधी कौशल्यं पुरली. आपल्याकडे सिग्नल प्रोसेसिंगला अख्खा पेपर असतो. नळ्यांना? आणि 'वापरणाऱ्याला समजावणे' हे कोणत्या सेमिस्टरला येतं?

अशा शहाणपणाचा नमुना आमच्याच आयसीयूत पाहिला. इन्फ्युजन पंप सारखा अलार्म देत होता, 'ऑक्लूजन', म्हणजे पुढे अडथळा आहे. दोन इंटर्न प्रेशर सेन्सरवर चर्चा करत उभे. एकाने पंप बदलला. नवा पंपही बोंबलायला लागला. शेजारच्या कॉटची चादर बदलणाऱ्या मावशी मान वर न करता म्हणाल्या, "अरे बाळांनो, आजोबांनी हात दुमडलाय." सलाइनची सुई कोपराच्या खळीत होती आणि आजोबा चहाचा कप तोंडाला लावत होते. हात सरळ केला, अलार्म थांबला. सिस्टर हसल्या, पण त्या दिवसभर असले अलार्म बंद करत असतात आणि त्यातलाच एखादा खरा निघाला तर काय, ही धास्ती त्यांच्याच मानेवर असते. पंप बनवणाऱ्याला हे बसल्या जागी कसं कळणार?

असं बघणं शिकवता येतं. अटलांटात जॉर्जिया टेक आणि एमरी या विद्यापीठांनी १९९७ मध्ये मिळून बायोमेडिकलचा विभाग काढला. तिथे वेंडी न्यूस्टेटर या शिक्षण-अभ्यासक बाईंनी प्रयोगशाळांमध्ये बसून संशोधक प्रत्यक्षात कसे शिकतात, कुठे अडतात, कोणाला विचारतात, याची निरीक्षणं केली. मुलांसाठी वर्गही तशाच धर्तीवर रचला: लहान गट, धड न मांडलेला प्रश्न, उत्तर न सांगणारा मार्गदर्शक. म्हणजे कसं शिकवायचं हा प्रश्नही त्यांनी संशोधनाचा मानला. आपल्याकडे प्राध्यापकाने अध्यापनावर पेपर लिहिला, तर 'हे काय संशोधन आहे?' असं खुद्द सहकारीच विचारतात.

ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या पदवीच्या मुलांनी मलावीतल्या नवजात बालकांसाठी श्वासाला आधार देणारं बबल सीपॅप उपकरण केलं, तेव्हा सुरुवातीला त्यात माशांच्या टाकीचे पंप वापरले होते. ही मुलं आपल्या मुलांपेक्षा काही वेगळ्या मातीची नव्हती. त्यांना अडचण कुणाची आहे ते ठाऊक होतं. आपल्याकडेही आयआयटी मुंबईच्या 'बेटिक' या वैद्यकीय उपकरणांच्या केंद्रात डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून उपकरणं घडवतात. पण तिथवर पोहोचणारे निवडक. बाकीच्यांना वॉर्ड दिसतो तो शेवटी शेवटी, नोकरी शोधायच्या धांदलीत.

आणि रुग्णालयं तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहेत? इंटर्न आला की त्याच्या हातात कॅलिब्रेशनच्या स्टिकरचा गठ्ठा आणि एक्सेलची यादी देऊन मोकळी होतात. केंद्राने २०१५ मध्ये सरकारी रुग्णालयांतल्या उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू केला. त्यात उपकरण किती वेळ चालू राहिलं हे मोजतात, ते योग्यच. पण चालू असूनही कुणी हात लावत नाही, असं यंत्र त्या आकड्यात दिसत नाही. ते दिसायला वॉर्डात दोन तास गप्प उभं राहावं लागतं, आणि गप्प उभं राहण्याला आपली विद्यापीठं सहसा गुण देत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच की ते द्यावेत. दुसऱ्या वर्षापासून दर आठवड्याला एक सकाळ वॉर्डात. स्क्रूड्रायव्हर बाहेर ठेवून. कोण कोणत्या यंत्राजवळ थांबतं, कोण टाळतं, कुठली नळी चिकटपट्टीने बांधली आहे, हे वहीत लिहायचं. संसर्गाची, रुग्णाच्या खासगीपणाची काळजी खरी आहे. पण नर्सिंगच्या मुलींना आपण हे सगळं शिकवूनच आत सोडतो, मग यांना का नाही? त्या वहीला लेखी पेपरइतकं वजन असावं. तोंडी परीक्षेला बाहेरून येणाऱ्या परीक्षकांत एक खुर्ची आयसीयूतल्या सिस्टरची असावी. मानधनही आम्हा इंजिनिअरांना देतात तेवढंच.