झुलूंना शूर म्हणणे पुरे झाले

झुलू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? एका हातात कातडी ढाल, दुसऱ्या हातात भाला, आणि आरोळ्या ठोकीत डोंगर उतरणारा एक जमाव. ‘मोठी शूर जमात हो!’ असे आपण म्हणतो आणि पान उलटतो. असे म्हणणाऱ्यांशीच मला आज भांडायचे आहे. झुलूंना उघडउघड रानटी म्हणणारे आता थोडे उरले. उरले आहेत ते त्यांना शूर म्हणून मोकळे होणारे. आणि आपण कोणाचा अपमान करीत आहो, हे या सज्जनांच्या गावीही नसते.

ही शूरपणाची पदवी त्यांना दिली कोणी? ज्यांनी त्यांचे राज्य बुडवले त्यांनी! २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडल्वानाच्या डोंगराखाली सुमारे वीस हजार झुलूंनी इंग्रजांची छावणी कापून काढली. इंग्रजांच्या बाजूची तेराशेहून अधिक माणसे पडली. तोफा बाळगणाऱ्या साम्राज्याला मुख्यतः भाल्यांवर लढणाऱ्यांनी हरवले, हे विलायतेत सांगायचे कसे? शत्रू अचाट शूर होता असे म्हटले की सेनापतीची चूक झाकते. त्याच दिवशी रोर्क्स ड्रिफ्ट येथे सुमारे दीडशे शिपायांनी झुलूंचा हल्ला परतवला, तर त्या एका चकमकीसाठी अकरा व्हिक्टोरिया क्रॉस वाटण्यात आले. १९६४ साली तिच्यावर ‘झुलू’ नावाचा चित्रपट निघाला. त्यात शेवटी झुलू योद्धे गोऱ्या शिपायांना मानवंदना देऊन निघून जातात. प्रत्यक्षात तशी मानवंदना झालीच नाही; झाले ते हे, की लढाई संपल्यावर मैदानात पडलेल्या जखमी झुलूंना ठार करण्यात आले.

आणि हे युद्ध लावले कोणी? तो गृहस्थ आपल्या ओळखीचा आहे. सर बार्टल फ्रियर! १८६२ ते १८६७ हे मुंबईचे गव्हर्नर होते. कोटाची तटबंदी पाडून मुंबई मोकळी केली म्हणून त्यांचे गोडवे आपण पुष्कळ गायिले. गोदीजवळच्या एका लांब रस्त्याला त्यांचे नावही होते, जेथे आता पी. डी’मेलो यांचे नाव आहे. त्याही आधी ते साताऱ्याला रेसिडेंट होते, आणि १८४८ साली छत्रपती निवर्तले तेव्हा दत्तकाच्या बाजूने त्यांनी आपले मत दिले होते. राज्य खालसा झालेच, आणि मग त्याचा कारभारही त्यांनीच पाहिला, ही गोष्ट वेगळी. अशा सुसंस्कृत माणसाला १८७७ मध्ये केपला हायकमिशनर म्हणून पाठवण्यात आले. झुलू आणि ट्रान्सवालचे बोअर यांच्यात सरहद्दीचा तंटा होता. इंग्रजांनीच नेमलेल्या मंडळाने चौकशी करून बहुतांशी झुलूंच्या बाजूने निकाल दिला. फ्रियरसाहेबांनी काय करावे? ११ डिसेंबर १८७८ रोजी तुगेला नदीकाठी झुलूंच्या प्रतिनिधींना बोलावले, आधी तो निकाल वाचून दाखवला आणि त्याच बैठकीत निर्वाणीचा खलिता हाती ठेवला: तीस दिवसांत आपली सैन्यव्यवस्था मोडा. लंडनच्या सरकारला त्या वेळी हे युद्ध नको होते. साहेबांना मात्र वसाहतींचे संयुक्त राज्य हवे होते, आणि त्यात स्वतंत्र झुलू राजा मावत नव्हता.

‘सैन्यव्यवस्था’ हा शब्दच फसवा आहे. एका वयाच्या तरुणांचा एक गट, त्याला झुलू ‘इबुथो’ म्हणतात. हा गट युद्धात लढे हे खरे. पण इतर वेळी तो राजाची गुरे राखी, शेते नांगरी, वाडे बांधी. लग्न कधी करावयाचे तेही राजा गटागटाने ठरवी. म्हणजे घर केव्हा थाटायचे, गुरे कोणाकडून कोणाकडे जायची, जमीन कोणी कसायची, हे सारे या एका खुंटीला टांगलेले. ती खुंटी तीस दिवसांत उपटा असे सांगणे म्हणजे राज्य सोडून द्या असे सांगणे होय. राजा सेत्श्वायोने ते केले नाही. ४ जुलै १८७९ रोजी उलुंडी जळाले, राजा कैद झाला, आणि राज्याचे तेरा तुकडे करून तेरा जणांना वाटण्यात आले. पुढची यादवी ओघानेच आली. १८८७ मध्ये इंग्रजांनी मुलूख खालसा केला, झोपडीमागे चौदा शिलिंग पट्टी बसवली, आणि ती भरण्यासाठी झुलू तरुण मजुरीच्या शोधात गाव सोडू लागले. शूरपणाची पदवी तेवढी त्यांच्यापाशी राहिली!

शाकाची गोष्ट याच मासल्याची. राज्य उभारणारा हा राजा १८२८ साली भावांकडून मारला गेला. तो रक्तपिपासू होता हे आपण वाचले ते मुख्यतः नॅथनियल आयझॅक्स आणि हेन्री फिन या दोन गोऱ्या व्यापाऱ्यांच्या लिखाणातून. आयझॅक्सने १८३२ मध्ये फिनला लिहिलेले एक पत्र पुढे उजेडात आले. ‘पुस्तक लिहाल तेव्हा झुलू राजांना होतील तितके क्रूर दाखवा,’ असा त्यात व्यावहारिक सल्ला आहे. शाका संत होता असे माझे म्हणणे नाही. पण साक्षीदार असे असताना निकाल देण्याची घाई आपण का करावी?

युद्ध बाजूला ठेवून झुलूंच्या घरात डोकावा, म्हणजे शूरपणाच्या पलीकडे काय आहे ते दिसेल. आपल्या आज्या नवऱ्याचे नाव घेत नसत, घेतलेच तर उखाण्यात. झुलू सुनेचे ‘हलोनिफा’ याहून कडक. सासऱ्याच्या नावात जे अक्षर येते ते दुसऱ्या शब्दांतही उच्चारायचे नाही. समजा, मामंजींचे नाव पांडुरंग. तर पाणी, पान, पापड या साऱ्यांना तिने वेगळे शब्द योजायचे. त्यातून बायकांची एक निराळी शब्दसंपत्तीच तयार झाली. गुरांच्या रंगांना त्यांच्या भाषेत शेकडो नावे. फिकट अंगावर बारीक तांबूस ठिपके असलेल्या गाईला ते चंडोलाची अंडी म्हणतात! राजाची बिरुदे गाणारा ‘इम्बोंगी’ त्या स्तुतीतच राजाला चिमटाही काढतो आणि राजाला तो ऐकून घ्यावा लागतो. हळहळताना आपण जिभेने जो ‘च्च’ करतो, तो त्यांच्या भाषेत चक्क एक व्यंजन आहे. शेजारच्या खोइसान लोकांकडून घेतलेले. ‘झुलू’ शब्दाचा अर्थ आकाश. यात भाला कोठे आहे?

एक योगायोग पाहा. फ्रियरसाहेबांची कन्या मेरी हिने आपल्या आयेकडून दख्खनच्या कहाण्या ऐकून त्यांचे पुस्तक १८६८ साली काढले. त्याच वर्षी नाताळात कॅलवे या पाद्र्याचा झुलू कहाण्यांचा संग्रह पुरा झाला. त्यात उह्लाकान्याना नावाचा एक चतुर, लबाड पोरगा आहे. आपल्या कोल्ह्याचा तो मावसभाऊच म्हणा ना! दोन्हीकडच्या कहाण्या साहेबाच्या कपाटात शेजारी शेजारी लागल्या. कहाण्या जपून ठेवायच्या आणि सांगणाऱ्यांचे राज्य मोडायचे, ही त्या काळची रीत. बिशप कोलेन्सोसारखा एखादा इंग्रज या युद्धाविरुद्ध भर प्रार्थनामंदिरात बोलला, हेही नमूद केले पाहिजे.

आपल्या माणसांचे काय? १९०६ साली डोईपट्टीवरून बंबाथाचे बंड झाले. गांधीजी तेव्हा इंग्रजांच्या बाजूने शुश्रूषापथक घेऊन गेले, आणि फटक्यांनी सोललेल्या झुलूंच्या जखमा धुण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. कारण गोऱ्या परिचारकांची त्याला तयारी नव्हती. गांधीजींच्या फीनिक्स आश्रमाच्या जवळच जॉन ड्यूबे या झुलू गृहस्थाने ओहलांगे येथे शाळा काढली होती. १९०३ मध्ये त्यांनी ‘इलांगा’ हे वर्तमानपत्र सुरू केले, ते आजही निघते. १९१२ साली नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले असता ती शाळा पाहून आले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या आफ्रिकनांच्या काँग्रेसचे ड्यूबे हे पहिले अध्यक्ष. १९३० मध्ये झुलू भाषेतली पहिली कादंबरी आली तीही त्यांचीच. शांततेचे नोबेल पारितोषिक आफ्रिकेत प्रथम आणणारे आल्बर्ट लुथुली हे झुलूच. २०२२ च्या शिरगणतीप्रमाणे दक्षिण आफ्रिकेत शंभरातल्या चोवीस जणांच्या घरी झुलू बोलली जाते, इतकी दुसरी कोणतीही भाषा तेथे नाही.

आणि मागेमा फुझे? कोलेन्सोच्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकलेला हा माणूस. काळे लोक कोण आणि कोठून आले, हा इतिहास त्याने आपल्याच भाषेत, आपल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहिला. तो १९२२ साली छापला गेला. इंग्रजीत तो येण्यास १९७९ साल उजाडावे लागले. तोवर इसांडल्वानाला शंभर वर्षे झाली होती.