चारही चाकांची जोड व गाडीचा आवाज

सोलापूरकडील काळ्या रानांतून पावसाळ्यांत माल काढणाऱ्या पिकअपची चारही चाकें जोडतांना आवाज झाला, कीं गिअरबॉक्स उतरवावी, हा सल्ला आम्हांस मान्य नाहीं. आधीं आवाज ओळखावा. कोरड्या डांबरी वळणावर गाडी अडखळून कुरकुरते, कारण जोडलेले दोन्ही आंस एकाच वेगानें फिरतात, पण चाकांना अंतर भिन्न कापावें लागतें. हा दोष नव्हे. तेथें जोड सोडावी. चाकें घसरत असतांना दांडा टाकल्यास खरखर होते. वळतांना टकटक झाल्यास पुढील आंसाचा सांधा, निघतांना ठोका बसल्यास शाफ्टचा क्रॉस, सतत घूं-घूं असल्यास ट्रान्सफर केसचें तेल प्रथम पाहावें. कारण न कळतां केलेल्या दुरुस्तींत हंगामाचा पैसा व्यर्थ जातो.