वधाचे गाणे आणि खुनाचे गाणे

मराठी शाहिरी वाङ्मय वीर आणि शृंगार या दोन खणांत वाटून टाकण्याची सवय अभ्यासकांच्या चांगलीच अंगवळणी पडलेली आहे. पोवाडा पहिल्या खणात, लावणी दुसऱ्या. या वाटणीची सोय नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिच्यामुळे एक साधी गोष्ट नजरेआड झाली. पोवाड्यांतील काही महत्त्वाच्या रचनांचा खरा विषय लढाई हा नसून एका माणसाने दुसऱ्या माणसाला ठार मारणे हा आहे. वीररसाचे लेबल लावले की मारणाऱ्याकडे पाहण्याची गरज उरत नाही. तो वीरच असतो. मग ज्या गाण्यांत मारणारा वीर नसतो त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न समीक्षेने बहुधा इतिहासकारांकडे सोपवून दिला, आणि इतिहासकारांनी त्या रचनांतून तारखा व नावे तेवढी वेचून घेतली.

शब्दांपासून आरंभ करणे सोयीचे. ठार मारण्याला मराठीत वध, खून आणि हत्या असे तीन प्रमुख शब्द आहेत आणि तिन्हींची घराणी वेगळी आहेत. ‘हत्या’ पापाच्या हिशेबातून येते. ब्रह्महत्या, गोहत्या हे तिचे सोयरे. ‘खून’ फारसीतून आला, मुळात त्याचा अर्थ रक्त. मराठीत तो कचेरीचा आणि पंचनाम्याचा शब्द झाला. ‘वध’ पुराणांतून आला. संस्कृतात अभिमन्यूचाही वध होतो हे खरे, परंतु मराठीच्या रूढ कानाला वध म्हटले की कंस आणि कीचक आठवतात. कंसाने मारलेल्या देवकीच्या पोरांचा ‘वध झाला’ असे सहसा कोणी म्हणत नाही. म्हणजे वध या शब्दातच निकाल दिलेला असतो.

अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जातो. प्रसंग १६५९ सालचा. रचना जिजाऊंच्या आज्ञेवरून झाली आणि शाहिराला भारी बक्षीस मिळाले, असे परंपरा सांगते. या पोवाड्यात भेटीच्या शामियान्यातील क्षण लवकर येत नाही. आधी खानाचा डौल, त्याची फौज, देवस्थानांना त्याने दिलेला उपद्रव. मग समोरासमोर आल्यावर एकमेकांच्या कुळाचा उद्धार. वाघनख आणि बिचवा बाहेर निघेपर्यंत श्रोत्याच्या मनात खान माणूस राहिलेला नसतो. तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यात (प्रसंग १६७०) हीच रीत अधिक उघडी दिसते. इतिहासातील राजपूत किल्लेदार उदेभान तेथे खाण्यापिण्याच्या अफाट मापांनी राक्षस होतो. हे अतिशयोक्तीचे सामान्य लक्षण म्हणून सोडून देता येत नाही. मारण्याचा आनंद निर्वेध घेता यावा म्हणून मरणाराला आधी अवाढव्य करावे लागते, ही या गाण्यांची अंतर्गत गरज आहे. शाहिराचे कौशल्य निर्विवाद आहे. प्रश्न त्या कौशल्याने श्रोत्याला कोठे नेऊन बसविले, एवढाच.

याच्या शेजारी नारायणराव पेशव्याचा मृत्यू ठेवून पाहावा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी त्याला कापून काढले. वय अवघे अठरा. या मृत्यूची कथा शाहिरांच्या, बखरकारांच्या आणि पुढे नाटककारांच्या तोंडी राहिली. येथे राक्षस करावयाचा कोणाला? मरणारा पोरसवदा, आणि मारेकऱ्यांच्या पाठीशी सख्खा चुलता. लोकस्मृतीने काढलेली वाट मोठी विचार करावयास लावणारी आहे. सुमेरसिंग गारदी तिला पुरला नाही. रामशास्त्र्यांनी राघोबाला दोषी धरले, तेही पुरले नाही. तिने आनंदीबाई शोधली आणि ‘ध’चा ‘मा’ केला. राघोबाच्या पत्रातील अक्षर आनंदीबाईने बदलले याला भक्कम पुरावा नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. तरी मराठी माणसाला या खुनातील दुसरे काही आठवो न आठवो, ते एक अक्षर आठवतेच. तलवार गारद्याच्या हातून निघून बाईच्या लेखणीत आली. या प्रसंगाला मराठीत वधही म्हणतात आणि खूनही, ही त्या अस्वस्थतेचीच खूण मानावयास हरकत नाही. खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ लिहिले. दोनच वर्षांनी नारायणरावाच्या मृत्यूवर नाटक लिहिताना त्यांनी नाव दिले ‘भाऊबंदकी’. नाटककाराच्या कानाला फरक कळत होता.

इंग्रजी-स्कॉटिश बॅलडांशी पोवाड्याची तुलना अ‍ॅकवर्थच्या काळापासून होत आली. त्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह काढला आणि १८९४ मध्ये निवडक पोवाडे इंग्रजीत ‘बॅलड’ म्हणूनच नेले. तुलना झाली ती वीरगाथांशी. खुनाच्या बॅलडांशी ती क्वचितच झाली, आणि खरी शिकवण तेथेच आहे. बिशप पर्सीच्या १७६५ सालच्या संग्रहातील ‘एडवर्ड’ हे गीत घ्यावे. तलवारीवर रक्त कोणाचे, असे आई विचारीत जाते. मुलगा ससाण्याचे म्हणतो, घोड्याचे म्हणतो, आणि अखेर बापाचे म्हणतो. शेवटी सल्ला आईचाच होता, हेही कळते. चिथावणीचा दोष येथेही बाईवरच येतो. परंतु तो मारणाराच्या स्वतःच्या तोंडून येतो आणि त्याच्या हातावरचे रक्त त्यामुळे पुसले जात नाही. मराठी पोवाड्यात मारणारा असा बोलताना फारसा आढळत नाही. त्याच्या वतीने शाहीर बोलतो. पोवाडा दरबारात आणि चव्हाट्यावर डफ-तुणतुण्याच्या साथीने उभा राहिला. कबुलीजबाबाला लागणारा एकांत त्याच्याजवळ नव्हता. (जात्यावरच्या ओवीजवळ तो होता. तेथे मार आहे, उपास आहे, विहिरीकडे वळलेली पावले आहेत. पण ज्याचे नाव उखाण्यावाचून घ्यावयाचे नाही त्याच्यावर आरोप तरी नावाने कसा करावा? हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

गाणे श्रोत्याला मारणाऱ्याच्या बाजूस नेऊन बसविते, हे मराठीत प्रथम ठसठशीतपणे दाखविले ते रंगभूमीने. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) गाणाऱ्या-नाचणाऱ्या ब्राह्मणांची भिंत क्रौर्य झाकते, उघडे करते आणि पुन्हा झाकते. प्रेक्षक ठेक्यावर मान डोलावतो आणि काही क्षणांनी आपली मान कशावर डोलली हे त्याला कळते. पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्टच्या १९२८ सालच्या नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) केले. मुळात जत्रेतल्या खुनाच्या गाण्याची, जर्मन ‘मोरिटाट’ची, धाटणी आहे: एका गुंडाच्या कृत्यांची यादी गोड चालीवर. ब्रेख्टला ती गोडीच आरोपी करावयाची होती. पुलंच्या रूपांतरात गाण्यांची मौज इतकी वरचढ ठरली की आरोपाची धार काहीशी बोथट झाली, असे म्हणावे लागते. ‘घाशीराम’मध्ये तसे घडत नाही, कारण तेथे गाणाऱ्यांचे हातच गुंतलेले आहेत.

विदर्भातील अभ्यासकाला हा विषय अठराव्या शतकापाशी थांबविता येत नाही. पोवाड्याचा वारसा जलशाने घेतला आणि आंबेडकरी शाहिरांनी त्यातून मारणाऱ्याऐवजी मेलेल्यांची नावे उच्चारण्याची रीत पाडली. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांना ठार करण्यात आले. शाहिरांनी त्यावरही गाणी केली. तेथे वध हा शब्द कोणाच्या मनातही येऊ शकत नव्हता. रूढ झाला तो ‘हत्याकांड’. आणि येथे शाहिरापुढे नारायणरावाच्या वेळचीच अडचण उभी होती: मारणारे राक्षस नव्हते, शेजारी होते. त्याने कोणा आनंदीबाईला पुढे केले नाही. त्याने जातीचे नाव घेतले.

न्यायालयाचे उत्तर वेगळे होते. भंडारा येथील न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी ठरविले, सहा जणांना फाशी सुनावली. नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये फाशीऐवजी पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप मात्र दोन्ही ठिकाणी टिकला नाही. सूडातून झालेले खून, असे त्याचे स्वरूप कागदावर राहिले. कायद्याला पुरावा लागतो, गाण्याला लागत नाही. म्हणून गाण्याचे खरे मानावे असे नाही, ‘ध’चा ‘मा’ही गाण्यासारखाच पसरला होता. परंतु त्या वेळी लोकस्मृतीने दोष घराण्याच्या उंबऱ्याआड एका बाईवर ढकलून बाकीच्यांना मोकळे केले, आणि या वेळी शाहिराने श्रोत्यांतील कोणालाच मोकळे सोडले नाही. हा फरक आशयाचा आहे तितकाच रचनेचाही आहे, आणि तो दिसावयाचा तर दोन्ही गाणी एकाच टेबलावर यावी लागतात. सामान्यतः पदव्युत्तर वर्गांत ती येत नाहीत. अज्ञानदास ‘शाहिरी वाङ्मय’ या प्रश्नपत्रिकेत असतो, जलसा ‘दलित साहित्य’ या प्रश्नपत्रिकेत. दोन प्रश्नपत्रिका, पुष्कळदा दोन प्राध्यापक, आणि मधल्या भिंतीपलीकडे तोच डफ.