पहिलटकरणीचे मत

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून जी छायाचित्रे हमखास प्रसिद्ध होतात त्यांत शाई लावलेले बोट उंचावणारी नव्वदीची आजी असते, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव असतो आणि दिवस भरत आलेली एखादी गर्भवती असते. रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी तिने आधी मतदान केंद्र गाठले, असे छायाचित्राखाली लिहिलेले असते आणि लोकशाहीवरील तिच्या निष्ठेचे कौतुक होते. कौतुक रास्तच आहे. परंतु जिचे छायाचित्र आले तिच्यामागे किती जणी घरीच राहिल्या, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. नव्वदीच्या आजींना आता घरबसल्या मत देता येते. त्या केंद्रावर येतात त्या हौसेने. नवरदेवाची अडचण फार तर मुहूर्ताची. राहिली ती गर्भवती. तिच्यासाठी निवडणुकीच्या व्यवस्थेत रांगेतील अग्रक्रमापलीकडे जवळजवळ काहीही नाही.

प्रश्न किरकोळ संख्येचा नव्हे. देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक बालके जन्मास येतात. साध्या त्रैराशिकाने पाहिले तरी वर्षातील कोणत्याही एका दिवशी सुमारे पस्तीस लाख स्त्रिया आठव्या-नवव्या महिन्यात असतात आणि सतरा-अठरा लाख स्त्रिया महिन्याभराच्या आतल्या बाळंतिणी असतात. लोकसभेच्या ५४३ मतदारसंघांत ही संख्या वाटली तर दर मतदारसंघात नऊ हजारांच्या वर स्त्रिया येतात. त्यांतल्या कित्येक जणी जाऊन मत देतात हे खरे. पण वायव्य मुंबईचा निकाल २०२४ साली अवघ्या ४८ मतांनी लागला, हेही विसरण्याजोगे नाही.

मतदानाच्या दिवसांत प्रसूतिपूर्व तपासणीच्या बाकावर बसलेल्या स्त्रियांचे बोलणे ज्याने ऐकले असेल त्याला त्यांची अडचण निराळी समजावून सांगावी लागणार नाही. पाय सुजलेले असतात. पाठीला रग लागलेली असते. दर अर्ध्या-पाऊण तासाने लघवीला जावे लागते आणि मतदान केंद्र म्हणजे बहुधा शाळा. तिथल्या स्वच्छतागृहाला कुलूप असेल की पाणी नसेल, याची चिंता निघण्यापूर्वीच मनात असते. लोकसभेची २०२४ ची निवडणूक महाराष्ट्रात १९ एप्रिल ते २० मे या काळात पाच टप्प्यांत झाली. ते ऊन धडधाकट माणसालाही सोसेनासे होते. मुंबईत तर शेवटच्या टप्प्यात अनेक केंद्रांवर रांगा हलेनाशा झाल्या. अशा वेळी घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, 'या खेपेला राहू दे, एका मताने काय अडणार आहे?' त्यांच्या म्हणण्यात मायाच असते. पण माया आणि मताधिकार यांचा मेळ तिथे बसत नाही.

गर्भवतीस रांगेत न थांबवता पुढे सोडावे, केंद्रावर सावली, पाणी, बसावयास जागा व स्वच्छतागृह असावे, अशा निवडणूक आयोगाच्या सूचना आहेत आणि अनेक ठिकाणी त्यांचे पालनही होते. तरीही पुढे जाण्याचा हक्क मागावा लागतो, ही गोष्ट लहान नाही. आठव्या-नवव्या महिन्यातील स्त्रीची अवस्था दिसून येते. तिसऱ्या महिन्यातील स्त्रीची येत नाही. मळमळ, भोवळ आणि उलट्यांचा त्रास मात्र बहुधा याच सुरुवातीच्या काळात अधिक. घरातही जी बातमी अद्याप फुटलेली नाही ती रांगेतल्या अनोळखी लोकांसमोर पोलीस शिपायाला कशी सांगावी? मग ती गप्प उभी राहते, किंवा निमूटपणे घरी परतते.

हे सारे सहन करून जी केंद्राच्या आत पोहोचते तिच्या मनात त्या दिवशी काही वेगळेच असते, असे अनेक स्त्रिया सांगतात. आपण एकटीने आलो नाही, ही जाणीव तिला असते. प्रसूतिगृहात डॉक्टर असेल का, रस्ता धड होईल का, शाळेची फी परवडेल का, हे प्रश्न तिच्यापुढे त्या वर्षी प्रथमच खऱ्या अर्थाने उभे राहिलेले असतात. उमेदवाराची जात आणि नवऱ्याचा पक्ष यांपलीकडे जाऊन मत देण्यास याहून सबळ कारण ते कोणते? राज्यकारभाराचा हिशेब मागण्याची तिची निकड ज्या क्षणी सर्वांत अधिक, नेमक्या त्याच क्षणी मतपेटी तिच्यापासून सर्वांत दूर असते.

अंतराचा हा प्रश्न महाराष्ट्रात आणखी एका कारणाने बिकट होतो. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज अजूनही शहरांत आणि खेड्यांत, बऱ्याच घरांत पाळला जातो. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते आणि मुलगी माहेरी येते. बाळ सव्वा महिन्याचे, तीन महिन्यांचे झाल्यावर परत जाते. म्हणजे जवळजवळ सहा महिने ती माहेरी आणि तिचे नाव मात्र सासरच्या मतदारयादीत. लोकप्रतिनिधित्वाचा १९५० चा कायदा सांगतो की, तात्पुरते अन्यत्र गेल्याने माणसाचे सर्वसाधारण वास्तव्याचे ठिकाण बदलत नाही. हे कलम मुळात मतदाराच्या रक्षणासाठी आहे. पहिलटकरणीच्या बाबतीत मात्र त्याचा परिणाम उलटा होतो: नाव सुरक्षित राहते आणि मत वाया जाते. सासर सांगलीचे आणि माहेर अमरावतीचे असेल तर नवव्या महिन्यात तिने एका मतासाठी अर्धे राज्य ओलांडावे काय? नाव माहेरी हलवून घ्यावे असा सल्ला कोणी देईल. पण सहा महिन्यांसाठी अर्ज, चौकशी, बदल आणि पुन्हा तोच फेरा उलट्या दिशेने, हा खटाटोप सल्ला देणाऱ्यानेही केला नसता.

येथे एका जुन्या गोष्टीचे स्मरण होते. स्वतंत्र भारताच्या १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी मतदारयाद्या तयार होत असताना उत्तरेकडील अनेक प्रांतांतील स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची आई' किंवा 'तमक्याची बायको' एवढीच ओळख नोंदविली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारावयाच्या नाहीत असे ठरविले आणि सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. त्या वेळी तो निर्णय कठोर वाटला असेल. परंतु स्त्रीला स्वतःच्या नावाने मतदार होणे भाग पाडणारा तो निर्णय होता. लोकसभेच्या १९६२ च्या निवडणुकीत पुरुषांचे मतदान ६३ टक्क्यांच्या आसपास तर स्त्रियांचे ४७ टक्क्यांच्या आत होते. २०२४ मध्ये स्त्रियांनी ६५.७८ टक्के मतदान करून पुरुषांना किंचित मागे टाकले. एके काळी कोणाची तरी आई एवढीच ओळख असल्यामुळे जिचे मत गेले, तिचे मत आज ती आई होणार म्हणून जावे, हा विचित्र योग आहे.

ज्यांना सासरही नाही आणि माहेरही नाही अशा स्त्रियांचा विचार तर कोणाच्याच टिपणात नसतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी जाणाऱ्या जोडप्यांचा व्यवहार 'कोयत्या'वर चालतो. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, म्हणून बाईला दिवस गेले असले तरी फडावर जावेच लागते. गाळपाचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि विधानसभेचे मतदान २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झाले. पाचटाच्या खोपीत राहणाऱ्या गर्भवतीला गावी जाऊन मत देण्यासाठी लागणारी रजा आणि भाडे कोण देणार? काही ठिकाणी उमेदवारांनी गाड्या पाठविल्या की बाया-बापे गावी येतात. ते मतदान कोणाच्या सोयीचे असते हे सांगावयास नको. स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदानयंत्राची कल्पना आयोगाने २०२३ च्या जानेवारीत राजकीय पक्षांपुढे ठेवली होती. विरोधी पक्षांनी शंका काढल्या आणि ती तेथेच अडली.

मग कायद्यात वाट नाही काय? वाट आहे, आणि ती अरुंदही नाही. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्यातील साठावे कलम असे सांगते की, सरकारशी विचारविनिमय करून आयोग ज्या वर्गाची अधिसूचना काढील त्या वर्गातील मतदारास टपाली मतपत्रिकेने मत देता येईल. याच आधारे २०१९ साली नियम बदलून ऐंशी वर्षांवरील वृद्धांना आणि दिव्यांगांना ही सवलत मिळाली; झारखंडमध्ये त्या वर्षी तिचा पहिला प्रयोग झाला. २०२४ च्या मार्चमध्ये वयाची मर्यादा पंचाऐंशीवर नेण्यात आली. अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांनाही ती आहे आणि मतदानाचे वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांनाही ती मिळाली आहे. गर्भवतीचे छायाचित्र काढावयास गेलेल्या छायाचित्रकाराची मतदानाची सोय होते आणि छायाचित्रातल्या बाईची होत नाही, असा हा प्रकार आहे.

आयोगास गर्भवतीची अवस्था ठाऊक नाही असेही म्हणता येत नाही. निवडणुकीच्या कामावर नेमणूक करताना दिवस भरत आलेल्या व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना वगळावे, असे आयोगाचेच धोरण आहे. टेबलाच्या एका बाजूस बसावयास जी असमर्थ, ती दुसऱ्या बाजूस येऊन उभी राहण्यास समर्थ कशी ठरते? ऑस्ट्रेलियाच्या निवडणूक कायद्यात टपाली मतदानाच्या कारणांमध्ये आजारपणाच्या जोडीला प्रसूती जवळ आल्याचे कारण स्पष्ट शब्दांत दिलेले आहे. ब्रिटनमध्ये टुलिप सिद्दीक या सदस्येने २०१९ च्या जानेवारीत शस्त्रक्रियेने होणारी प्रसूती पुढे ढकलून चाकांच्या खुर्चीतून लोकसभागृहात मतदान केले, तेव्हा सारा देश ओशाळला आणि महिना संपण्याच्या आत सभागृहाने प्रतिनिधीमार्फत मत देण्याची व्यवस्था केली. अर्थात ती सोय सदस्यांपुरती होती. आपली अडचण दूर करण्यास सभागृहाला पंधरा दिवस पुरतात, एवढे मात्र त्यातून दिसले.

खोटे दाखले निघतील, हा आक्षेप येईलच. तो येथे फारसा टिकत नाही. प्रत्येक गर्भवतीची नोंद आशा सेविका आणि आरोग्यसेविका करतात. तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर प्रसूतीची अपेक्षित तारीख लिहिलेली असते. कोणत्याही मतदाराच्या गैरहजेरीची इतकी आगाऊ सूचना सरकारला मिळत नाही. ज्येष्ठांना भरावा लागतो तोच अर्ज, त्याला या कार्डाची प्रत, एवढे पुरेसे आहे. स्वतःच्याच मतदारसंघात असलेल्या स्त्रीकडे मतदानपथक जाऊ शकेल. परक्या मतदारसंघात माहेरी असलेल्या स्त्रीचे काम अधिक अवघड. तिच्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी किंवा प्रसूतिगृहात टपाली मत स्वीकारण्याची सोय करावी लागेल. दुसरे जमत नाही म्हणून पहिलेही अडवून धरावयाचे कारण नाही.

खरा विचार करावयास लावणारा आक्षेप निराळा आहे आणि तो स्त्रियांच्या बाजूनेच येतो. मतदानकक्षातील पुठ्ठ्याचा तो आडोसा म्हणजे कित्येक तरुण सुनांच्या आयुष्यातील एकमेव खासगी जागा होय. तिथे सासू नसते, दीर नसतो, नवराही नसतो. तेच मत घरी मागितले गेले तर? पथकाबरोबर अधिकारी असतात, पोलीस असतात, चित्रण होते, गुप्तता राखण्याचा नियमही असतो. पण पथक गेल्यावर घर तेच राहते आणि 'कोणाला दिलेस?' हा प्रश्न विचारणारी माणसेही तीच राहतात. शिवाय एकदा सोय झाली की, 'घरी येतात ना, मग कशाला जातेस?' असे म्हणून जाऊ शकणारीलाही रोखले जाईल. हे भय काल्पनिक नाही. म्हणूनच अर्ज तिनेच करावयाचा, कुटुंबातील कोणी तिच्या वतीने नव्हे. आणि ज्या महिलेची तब्येत ठीक आहे तिच्यासाठी केंद्रावरची वाट अधिक सुकर करावयाची, बंद करावयाची नाही. पुरुषांच्या पथकाऐवजी महिला कर्मचाऱ्यांचे पथक पाठविले आणि मत घेताना खोलीत दुसरे कोणी नसेल याची खात्री त्यांनीच केली, तर हा धोका बराच कमी होईल. तो अजिबात नाहीसा होईल असे मात्र कोणी म्हणू नये.

खर्चाचा आणि वेळेचा प्रश्न उरतो. करोनाच्या साथीत रुग्णांना टपाली मताची सवलत द्यावी असे ठरले तेव्हा नियमांतील तो फेरफार २०२० च्या जूनमध्ये झाला आणि बिहारच्या मतदारांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याचा उपयोगही केला. मधे साडेचार महिनेही गेले नव्हते.