वयाचा रकाना

प्रति,
सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषद



गेल्या पावसाळ्यात एक बाई माझ्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून मला म्हणाली, ‘पैशापायी लेकरांच्या तोंडात विष घालता तुम्ही मेडिकलवाले.’ दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी काहीच बोलले नाही. तिच्या पोराला मी गोळ्या दिल्या नव्हत्या, परत पाठवलं होतं. पण ती बोलली ते सगळंच खोटं आहे, असं म्हणायलाही माझी जीभ उचलेना. त्या दिवसापासून हे पत्र मनात घोळतंय. दर अधिवेशनात तुम्ही नशेवर बोलता, लेकरांच्या सुरक्षिततेवर बोलता. मी दुकानातल्या मोबाईलवर ऐकते. या दोन्ही गोष्टी जिथे एकमेकींना भेटतात, त्या काउंटरवर मी रोज बारा तास उभी असते, आणि त्या काउंटरबद्दल तुमच्या तोंडून मी कधी काही ऐकलं नाही.

मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. शेंद्रा एमआयडीसीच्या रस्त्याला माझं दहा बाय बाराचं दुकान आहे. आमचं गाव पूर्वी चैत्रातल्या मांगीरबाबाच्या यात्रेमुळे लोकांना माहीत होतं, आता मोटारींच्या कारखान्यामुळे आणि ऑरिक या औद्योगिक शहरामुळे माहीत आहे. जालना रोडवरून येताना तुम्हाला रुंद रस्ते आणि मोठ्या इमारती दिसतात. आजूबाजूच्या गावांतल्या भाड्याच्या खोल्या दिसत नाहीत. एका रांगेत दहा-बारा खोल्या, सगळ्यांना मिळून एक नळ. परभणी-हिंगोलीकडची माणसं, बिहार-यूपीची माणसं, बहुतेक कंत्राटी. आई आणि बाप दोघंही पाळीला गेले की शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत लेकरं मोकळीच. कुणी आजारी पडलं तर आधी डॉक्टरकडे नाही, माझ्याकडे येतात. डॉक्टरची फी आणि वर एक खाडा, दोन्ही परवडत नाही.

त्या बाईचा पोरगा असाच आला. तेरा वर्षांचा असेल, अंगात शाळेची पँट. ‘काकू, आजीला झोप येत नाही, ही गोळी द्या.’ मोबाईलवर नायट्राझेपामच्या पट्टीचा फोटो होता. नशेसाठी खाल्ल्या जाणाऱ्या अशा गोळ्यांना आमच्या शहरात पोरं ‘बटन’ म्हणतात. हा शब्द आता पोलिसांच्या आणि पेपरवाल्यांच्याही तोंडी बसलाय. मी चिठ्ठी मागितली. चिठ्ठी घरी राहिली म्हणाला. मग आजीला घेऊन ये म्हटलं, तर मान खाली घालून गेला. मला वाटलं, आपण आपलं काम केलं. पुढचं गिऱ्हाईक उभं होतं.

त्याला गोळ्या दुसऱ्या एका दुकानात मिळाल्या. चिठ्ठीशिवाय, छापील किमतीच्या कितीतरी पट पैशांत. ते पैसे त्याने कुठून आणले हे त्याच्या आईला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी एका कंपनीच्या भिंतीमागे बाभळीखाली तो सापडला, हलवलं तरी उठेना. घाटी रुग्णालयात नेला. तिथल्या डॉक्टरांनी त्याला वाचवलं, त्यांचे उपकार. आता तो मामाकडे गावी असतो. सातवीतून सुटलेली शाळा ती सुटलीच.

मी त्याला परत पाठवलं याचं मला त्या संध्याकाळी समाधान वाटलं होतं. तेच मला आज टोचतं. मी त्याचं नाव विचारलं नाही. कोणत्या शाळेत आहेस विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी ते लिहायचं कुठे?

हे नीट ऐका, कारण माझं दुखणं इथेच आहे. नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम, कोडीन, ट्रामाडॉल ही औषधं औषध नियमांच्या शेड्यूल एच-वनमध्ये येतात. १ मार्च २०१४ पासून या औषधांसाठी आम्हाला वेगळी नोंदवही ठेवावी लागते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. तिच्यात काय लिहायचं ते नियमात सांगितलंय: चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचं नाव आणि पत्ता, रुग्णाचं नाव, औषधाचं नाव, किती दिलं ते. बस्स. रुग्णाचं वय विचारलेलं नाही. औषध प्रत्यक्ष कुणाच्या हातात दिलं, तेही विचारलेलं नाही. सत्तर वर्षांच्या म्हातारीची चिठ्ठी घेऊन दहा वर्षांचं पोर आलं आणि मी पट्टी त्याच्या हातात ठेवली, तर माझी नोंदवही चोख. तपासणीला कुणीही येवो, बोट ठेवायला जागा नाही.

माझ्या शेजारी पानटपरी आहे. अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं गुन्हा आहे, अशी पाटी तिथे लावलेली आहे. २००३ च्या कायद्याने ती लावावी लागते. पुढच्या चौकात दारूचं दुकान आहे. आपल्या राज्यात दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, बिअरसाठी २१. तंबाखूची पुडी, बिअरची बाटली, सगळ्याला वय आहे. माणसाला बेशुद्ध करू शकणाऱ्या गोळीच्या नोंदवहीत वयाचा रकाना नाही. इतकी वर्षं ती वही माझ्याच हाताने भरतेय, पण त्या बाईने पायरीवरून मला बोल लावल्यावर हे पहिल्यांदा दिसलं. याची मला लाज वाटते. पण ज्यांनी ही वही आखली, ज्यांनी तपासली, ज्यांनी तिच्यावर सह्या केल्या, त्यांच्याही नजरेला हे कधी पडू नये?

तुम्ही म्हणाल, कायदा आहे की. आहे. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७७ सांगतं की डॉक्टरने सांगितल्याखेरीज लेकराला नशेचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलम ७८ मध्ये लेकराकडून असा माल विकून घेणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा. हे कलम मला कॉलेजात शिकवलं नव्हतं, परवाना देताना कुणी सांगितलं नव्हतं. मी ते त्या पोराच्या प्रकरणानंतर स्वतः शोधून वाचलं. औषधाचा कायदा अन्न व औषध प्रशासनाकडे, लेकरांचा कायदा महिला व बालविकास खात्याकडे. दुकानात दर्शनी लावायच्या कागदांत माझा परवाना आहे, माझं नोंदणी प्रमाणपत्र आहे. १०९८ हा नंबर नाही. तो पोरगा माझ्यासमोर उभा होता तेव्हा तो नंबर मला पाठ नव्हता. हरवलेल्या लेकरांसाठी असतो, एवढंच ऐकून होते. बाल कल्याण समिती नावाचं काही असतं, पोराला गुन्हेगार न ठरवता त्याच्यासाठी काही करता येतं, हे मला ठाऊक असतं तर मी शटर अर्धं ओढून त्याच्या मागे गेले असते. कदाचित. आता काय सांगू.

आता एक गोष्ट जी मी आजवर नवऱ्याखेरीज कुणाला सांगितली नाही. डी.फार्म. झाल्यावर दुसऱ्या वर्षी मला मुलगी झाली, घरी बसले. तेव्हा एका दुकानमालकाने निरोप धाडला: सर्टिफिकेट फक्त भिंतीवर लावू द्या, महिन्याला पैसे घरपोच. आमच्या धंद्यात याला ‘सर्टिफिकेट भाड्याने देणं’ म्हणतात, आणि हे बोलताना कुणी आवाजही खाली आणत नाही, इतकं ते सवयीचं आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यात कलम ४२ आहे: नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कुणी डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध द्यायचं नाही. हे मला परीक्षेत पाठ होतं. तरी मी आठ महिने सर्टिफिकेट दिलं. दुधाचे पैसे निघत होते. त्या आठ महिन्यांत माझ्या नावाखाली काय विकलं गेलं, कुणाच्या हातात गेलं, मला माहीत नाही. आठ महिन्यांत एकाही माणसाने विचारलं नाही की भिंतीवर ज्या बाईचं नाव आहे ती बाई कुठे आहे. चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही. पण तो पोरगा ज्या दुकानात गेला तिथेही अशीच एखादी बाई भिंतीवर टांगलेली असेल, घरी बाळाला पाजत बसलेली असेल, या विचाराने मला रात्री झोप लागत नाही.

पोराला गोळ्या देणाऱ्या त्या दुकानाबद्दल मी लेखी तक्रार केली. पोच मिळाली. पुढे काही नाही. नाव घेऊन आरोप करायला हे पत्र नाही, म्हणून घेत नाही.

औषधावर नजर नसली की काय होतं ते बघायचं तर ऑक्टोबर २०२५ चा पहिला आठवडा आठवा. कोल्ड्रिफ खोकल्याच्या औषधाने छिंदवाड्याकडची लेकरं दगावत होती, कितीतरी जणांना शेवटी नागपूरला आणलं होतं. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेत त्या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. चालतं फक्त ०.१ टक्का. वीसहून जास्त लेकरं गेली. आपल्या औषध प्रशासनानेही ती बॅच वापरू नका म्हणून कळवलं. त्या आठवड्यात आया माझ्याकडे घरातल्या उघड्या बाटल्या घेऊन आल्या. कुणाची वेगळी कंपनी, कुणाची दोन वर्षं जुनी बाटली, लेबल पुसलेलं. मी एकेक हातात घेऊन बघितली. एका बाईने विचारलं, ‘ताई, हे पहिल्यांदाच झालं का?’ मी तिला खरं सांगितलं नाही. १९८६ साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात याच डायइथिलीन ग्लायकॉलची भेसळ असलेल्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने आपल्याच औषध प्रशासनाचे वाभाडे काढले, आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. आम्हाला हे वर्गात शिकवलं गेलं. त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनीही विष तेच, नाव तेच.

आणखी एक. हजारापर्यंत वस्तीच्या गावात काही घरगुती औषधं परवान्याशिवाय विकायची मुभा औषध नियमांचं शेड्यूल के देतं. त्या यादीत खोकल्याचं सिरपही होतं. ते काढून टाकायच्या हालचाली कधी सुरू झाल्या? २०२५ च्या शेवटी, एवढी लेकरं मातीत गेल्यावर.

लेकरांच्या नावाने तुम्ही मोठे कायदे आणलेत. बायका-लेकरांवरच्या अत्याचारांविरुद्धचं ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. फाशी होती, तीस दिवसांत तपास होता. राष्ट्रपतींची संमती आली नाही, कायदा झालाच नाही. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मकोका कायद्यात दुरुस्ती करून अमली पदार्थांचे गुन्हे त्यात आणलेत. मोठी टोळी त्यात सापडेल, सापडो. पण एक पट्टी, एक पोरगं आणि भिंतीवरचं एक सर्टिफिकेट, हे त्या जाळ्यात कधी येणार नाही. माझी तक्रार तुमच्या रागाबद्दल नाही. तो राग खरा असतो, मला दिसतो. लेकराचं काही झाल्यावरच तो येतो, याचं वाईट वाटतं.

औषधांचा कायदा केंद्राचा आहे, असं उत्तर देऊ नका. ‘औषधं आणि विषं’ हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. बाल न्याय कायद्याखाली नियम करायचा अधिकार राज्याला आहे आणि आपल्या राज्याने ते केलेलेही आहेत. औषध निरीक्षक तुमचे, बालसंरक्षण कक्ष तुमचे, गावोगावच्या बालसंरक्षण समित्या तुमच्या.

आणि कृपा करून सरसकट बंदी आणू नका. अठराखालच्या कुणालाच औषध द्यायचं नाही म्हणालात, तर पाळीवर गेलेल्या आईच्या तापलेल्या तान्ह्यासाठी पॅरासिटामॉल न्यायला त्याची नऊ वर्षांची बहीणच येते, तिला मी काय सांगू? मी मागते ते थोडंसं आहे. एच-वनच्या वहीत दोन रकाने: रुग्णाचं वय, आणि औषध नेणाऱ्याचं नाव-वय. नेणारं लेकरू असेल तर घरच्या मोठ्या माणसाला फोन केल्याशिवाय पट्टी हातात नाही. परवान्याशेजारी १०९८. आणि मी तो नंबर फिरवला तर ‘मेडिकलवाली कशाला मध्ये पडते’ असं मला कुणी विचारू नये, एवढं संरक्षण. भिंतीवरची बाई दुकानात आहे की नाही, हे वर्षातून एकदा तरी कुणी अचानक येऊन बघावं. मी असेन.

दोन रकाने मी माझ्या वहीत पट्टीने आखून घेतलेत. तपासणीला आलेला माणूस विचारेल, हे कोणत्या नियमाने? मी म्हणेन, अजून कोणत्याच नाही.

काल संध्याकाळी एक चिठ्ठी आली. रुग्ण बाई, वय ६७. नेणारा नातू, वय ११, जिल्हा परिषद शाळा. मी लिहिलं. आजीला फोन केला तर तिच्याकडे फोनच नव्हता. मग दुकान नवऱ्यावर सोपवलं आणि पोराच्या मागोमाग त्याच्या खोलीपर्यंत चालत गेले. म्हातारी बाजेवर बसली होती. गोळ्या तिच्या हातात दिल्या, किती आणि कधी घ्यायच्या ते सांगितलं. पोरगा दारात उभा राहून बघत होता. ‘काकू, उद्यापण तुम्हीच येणार का?’ म्हणाला.

आपली,
शेंद्र्यातील एक नोंदणीकृत फार्मासिस्ट